तीन पावसाळे शेडमध्ये उभं राहिलेलं विमान, सेल्फ मारला आणि सुरू झालं. आता पुढं काय?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. खानापूर तालुक्यातला एक भाऊ विचारतोय की त्याच्या काकांनी स्वतः बांधलेलं दोन सीटचं हलकं विमान आहे, अल्युमिनियमच्या पायपांचा सांगाडा, वर डॅक्रॉनचं, म्हणजे पॉलिएस्टरचं कापड, रोटॅक्स ९१२ इंजिन ८० हॉर्सपॉवरचं, पुढं लाकडी प्रोपेलर. काका वारले, विमान तीन पावसाळे शेतातल्या शेडमध्ये उभं. गेल्या महिन्यात ह्यानं नवीन बॅटरी लावली आणि दुसऱ्या सेल्फला इंजिन सुरू झालं, आवाज पण छान आहे म्हणतोय, फोटोही पाठवलेत. आता ऑईल बदललं, ताजं पेट्रोल भरलं आणि डाव्या चाकाच्या वरच्या पायपाला एक चीर दिसतीय ती उद्यमबागेत (बेळगावचा कारखान्यांचा भाग) आर्गॉन वेल्डिंगनं भरून घेतली तर विमान तयार म्हणायचं का, असा प्रश्न.

नाही म्हणायचं. खरं का नाही ते जरा सविस्तर सांगतो, कारण नुसतं नाही म्हटलं तर तुम्ही दुसऱ्या कुणालातरी विचारणार आणि तो हो म्हणणार.

माझं सांगायचं तर मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, बेसिक ट्रेनिंग आपल्या सांब्र्यालाच झालं, मग देशभर फिरून रिटायर होऊन परत बेळगावात. नंतरची बरीच वर्षं लोकांची मायक्रोलाईट आणि घरी बांधलेली विमानं बघतोय. त्यामुळं मी लिहितो ते ह्याच जातीच्या मशीनबद्दल, बोईंगबद्दल नाही.

तुम्ही विचारताय इंजिनाबद्दल, खरं तुमची अडचण इंजिन नाहीच आहे. अडचण ही की विमान उभं होतं, आणि ते बांधणारा माणूस आता सांगायला नाही. रोज उडणाऱ्या विमानाचं काय झिजलं ते तासांच्या वहीत दिसतं, शंभर तास झाले की हे उघडा, ते बदला. उभ्या विमानाचं कुठल्याच वहीत काही नसतं. आणि कंपनीच्या विमानाला मॅन्युअल असतं, ह्याला काकांचं डोकं हेच मॅन्युअल होतं. तेव्हा पाना हातात घ्यायच्या आधी काकांचे कागद शोधा ओ. ड्रॉईंग, बांधतानाचे फोटो, पार्टची बिलं, वजन केल्याचा कागद, एखादी शाळेची वही असेल पेन्सिलीनं लिहिलेली. काकूंना विचारा, ट्रंकेत असतं असलं काहीतरी. पाईप कुठल्या ग्रेडचा, बोल्ट कुठून आणले, टाकी कुठल्या रेझिननं केली, हे कळलं तर अर्धं काम झालं. नाही कळलं तर प्रत्येक गोष्ट वाईटच आहे असं धरून चालावं लागतं आणि मग खर्च दुप्पट. म्हणूनच खर्चाचा आकडा मी इथं देत नाही, शेडमध्ये फरशी आहे का माती, छपराला पारदर्शक पत्रा आहे का, उंदीर किती, ह्यावर सगळं अवलंबून आहे. कणकुंबीच्या बाजूला शेड असेल तर तिथला एक पावसाळा म्हणजे चिकोडी-निपाणीकडचे चार धरा.

आता आधी चिरेबद्दल, कारण तिथं जीवाचा प्रश्न आहे. वेल्डिंग करू नका. आपल्याकडचे आर्गॉनवाले हुशार आहेत यात वादच नाही, फाउंड्रीचं गाव आहे, डब्यासारखं पातळ अल्युमिनियमसुद्धा सुंदर जोडून देतील. दिसायला झकास होईल. खरं असल्या विमानांचे पाईप बहुतेक ६०६१-टी६ चे असतात, आणि त्यातला तो टी६ म्हणजे भट्टीत गरम करून, पाण्यात विझवून, परत ठरलेल्या तापमानाला मुरवत ठेवून आणलेली ताकद. वेल्डिंगची उष्णता लागली की शिवणीच्या दोन्ही बाजूला ती ताकद उतरते, जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे शिवण टिकते आणि तिच्या शेजारचा पाईप मऊ होऊन बसतो. आणि तो कुठं? चाकाच्या वर, जिथं प्रत्येक लँडिंगचा दणका येतो. पाईप बदलायचा, त्याच ग्रेडचा, त्याच बाहेरच्या मापाचा, त्याच जाडीचा. भोकं जुन्या पायपावरून आखून घ्यायची. चिरेच्या टोकाला भोक मारून ती थांबवायची युक्ती पत्र्याला ठीक आहे, भार घेणाऱ्या पायपाला नाही. सांगाडा क्रोमोली स्टीलचा, म्हणजे ४१३० चा असता तर वेगळी गोष्ट होती, ते वेल्डिंगनंच जोडलेलं असतं आणि चांगल्या हाताकडून दुरुस्त होतं. चुंबक लावून बघा, चिकटला तर मला परत लिहा.

आणि चीर का पडली हे शोधल्याशिवाय नवीन पाईप घालू नका. पाईप उगाच फाटत नाही. कधीतरी जोरात आपटलं असेल, नाहीतर बोल्ट ढिला होता, नाहीतर कुणीतरी बोल्ट इतका आवळला की पाईप चेपला आणि तिथून चीर निघाली. ही तिसरी गोष्ट मी सगळ्यात जास्त वेळा बघितलीय. आपल्याकडं ट्रॅक्टर, टेम्पोची सवय, हात सैल सोडायचं माहीतच नाही. पोकळ पायपातून जाणारा बोल्ट दाब देऊन धरत नाही, तो खुंटीसारखा भोकात बसून आडवा भार घेतो. बोल्ट बसेपर्यंत आवळायचा आणि नट निघू नये म्हणून नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला नट) किंवा स्प्लिट पिन. ३/१६ इंची एएन३ (एएन म्हणजे विमानासाठी ठरवून दिलेल्या दर्जाचा) बोल्ट भरीव फिटिंगमध्ये असला तरी साध्या नटाला टॉर्क २० ते २५ इंच-पाउंड, म्हणजे मनगटाचं काम. गॅरेजमधला टॉर्क पाना त्याच्या खूप वरनं सुरू होतो, तो काढूच नका.

बोल्टवरनं एक आठवलं, हे नीट वाचा. एकदा एक मुलगा विमान घेऊन आला, शेपटीकडचे आठ बोल्ट त्यानं नवीन टाकलेले, हार्डवेअरच्या दुकानातनं, ८.८ ग्रेडचे, एम५. म्हणाला सर हायटेन्शन आहेत, ओरिजिनलपेक्षा भारी. ताकदीचं म्हणाल तर ८.८ आणि एएन बोल्ट फार लांब नाहीत एकमेकांपासून, तो काही खोटं बोलत नव्हता. खरं ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलीमीटर आणि एम५ म्हणजे ५. बसेना म्हणून त्यानं ड्रिल मारून भोकं मोठी केली. आता त्या भोकात ओरिजिनल बोल्ट आयुष्यात घट्ट बसणार नाही. वर दुकानातले बोल्ट डोक्यापर्यंत आटे पाडलेले, म्हणजे भोकाच्या कडेवर गुळगुळीत दांडा नाही, आटे टेकलेत, आणि आटे म्हणजे छोटी करवत, प्रत्येक थरथराटीला पाईप खाते. आठ बोल्टांपायी शेपटीचे चार पाईप बदलले त्यानं. तुमच्या काकांनी काय घातलंय ते बघा, एएन बोल्टच्या डोक्यावर फुलीसारखी खूण असते. खूण नसलेला प्रत्येक बोल्ट काढून आटे कुठपर्यंत आलेत ते तपासा.

कापडाकडं या. डॅक्रॉन पावसानं मरत नाही, उन्हानं मरतं. तुमच्या फोटोत डाव्या पंखावर उजेडाचा पट्टा दिसतोय, म्हणजे छपराला एक पारदर्शक पत्रा आहे आणि तीन वर्षं रोज तेवढ्याच जागेवर ऊन पडलंय. अख्खा पंख चांगला निघेल आणि तेवढा पट्टा कुजका. बोट लावून कळत नाही, त्याला बेट्सोमीटर नावाचं स्प्रिंगचं छोटं साधन येतं, त्याची सुई कापडात टोचून ठरलेल्या भारापर्यंत ओढून बघायची, आणि बघायची ती वरच्या बाजूला, उन्हातल्या जागीच. खालून तपासून पास केलेली कापडं मी बघितलीत, त्याला तपासणी नाही म्हणत. शिलाईचा दोरा वेगळा तपासा, दोरा कापडाच्या आधी जातो पुष्कळदा.

कापड उघडायची वेळ आलीच तर संधी सोडू नका, आत टॉर्च मारून सगळा सांगाडा बघा. उंदराचं घरटं असेल तर नुसतं काढून टाकू नका, उंदराचं मूत अल्युमिनियमला खातं, पांढरी पावडर धरलेली दिसेल, ती खरवडून खाली खड्डा किती गेलाय ते बघायचं. स्टीलचा बोल्ट आणि अल्युमिनियम जिथं टेकतात तिथंही तेच, ओल आली की गंज अल्युमिनियमला धरतो. पायपांच्या खालच्या टोकाला पाणी जायची भोकं असतात, ती मातीनं बुजली का बघा. कंट्रोलच्या तारांवरनं सुती फडकं फिरवा, तुटलेला एखादा धागा असला तर फडकं अडकतं. हात फिरवू नका, बोट फाटतं. पुलीपाशी तार वाकते तिथं तर तार सैल करून, वाकवून बघायला लागतं.

आता लाकडी प्रोपेलर. ह्याबद्दल कुणी विचारत नाही आणि आपल्या हवेत हाच सगळ्यात आधी बोलायला पाहिजे. जून ते सप्टेंबर लाकूड ओल पिऊन फुगतं, बोल्ट होते तिथंच असतात, म्हणजे लाकूडच वायसरखाली चेपून घेतं. मग मार्च-एप्रिलला कोरडं वारं सुटलं की लाकूड आकसतं आणि कालपर्यंत घट्ट असलेले बोल्ट सैल होतात. प्रोपेलर हबवर, म्हणजे तो ज्या चकतीला बसवलेला असतो तिच्यावर, सरकायला लागला की घर्षणानं लाकूड जळतं, बोल्टची भोकं लांबट होतात आणि शेवटी बोल्ट तुटतात. म्हणून लाकडी प्रोपेलरचे बोल्ट पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळा लागल्यावर एकदा, असे निदान दोनदा, प्रोपेलर बनवणाऱ्यानं दिलेल्या टॉर्कला तपासायचे, आणि मग दोन्ही पात्यांची टोकं एकाच रेषेतनं जातात का बघायचं. तुमचं तीन वर्षं झालंच नाही. शिवाय फोटोत प्रोपेलर उभा ठेवलाय, एक पातं खाली. लाकडी प्रोपेलर आडवा ठेवायचा असतो, नाहीतर ओल खालच्या पात्यात उतरते आणि तोल जातो. उतरवा, हबला टेकणारी बाजू बघा, काळपट डाग किंवा बोल्टच्या भोवती भेगा दिसल्या तर तो भिंतीवर टांगा आणि नवीन मागवा. बरा असला तर तोल बघून मगच चढवा.

इंजिन. दुसऱ्या सेल्फला सुरू झालं याचा तुम्हाला आनंद झाला, मला वाचून पोटात गोळा आला. तीन वर्षांत सगळं ऑईल खाली उतरलेलं असतं, बेअरिंगं कोरडी, आणि तुम्ही सरळ सुरू केलं. पद्धत अशी की बॅटरी सोडवायची, इग्निशन दोन्ही बंद, प्रत्येक सिलिंडरचा एकेक प्लग काढायचा, प्रोपेलर चालतो त्याच दिशेनं हातानं फिरवत राहायचं ऑईलच्या टाकीत गुळगुळ आवाज येईपर्यंत, मग प्लग काढलेलेच ठेवून बॅटरी जोडून स्टार्टरनं फिरवायचं ऑईलचं प्रेशर दिसेपर्यंत. मग प्लग लावून सुरू करायचं. इग्निशन बंद आहे म्हणून प्रोपेलर मेलेला आहे असं कधीच समजायचं नाही, कायम भरलेल्या बंदुकीसारखा धरायचा. आता झालं ते झालं. ऑईल काढा, फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा, चुंबकाच्या प्लगवर काय चिकटलंय ते बघा. बारीक काळसर लोणी असतं ते चालतं, चकचकीत कपच्या दिसल्या तर थांबा. नवीन ऑईल घालताना कारचं घालू नका, ह्या इंजिनात गिअरबॉक्स आणि इंजिन एकाच ऑईलवर चालतात आणि गिअरबॉक्समध्ये बहुतेक वेळा घसरणारा क्लच असतो, त्याला फ्रिक्शन कमी करणारं ऑईल चालत नाही.

सगळे रबर बदला. होज, कार्ब्युरेटरचे रबरी सॉकेट, डायाफ्राम, पेट्रोल पंप. रोटॅक्सचं म्हणणं पाच वर्षांनी बदला, तास झाले असोत नसोत, आणि काकांनी कधी घातले ते माहीत नाही म्हणजे पाच वर्षं झालीच समजा. कार्ब्युरेटरचे फ्लोट काढून सोनाराच्या काट्यावर वजन करा, एका कार्ब्युरेटरची जोडी ७ ग्रॅमच्या वर भरली तर फ्लोटनं पेट्रोल शोषलंय, तो बुडतो आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. काटा खानापुरात कुठल्याही सराफाकडं मिळेल, तो विचारेल काय आहे, सांगा विमान आहे.

पेट्रोलचा विषय जरा मोठा आहे. रोटॅक्सनं ९१२ ला इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच मान्य केलंय, आणि २०२३ पासून आपल्याकडं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आता बहुतेक पंपांवर तेच. गंमत बघा, ऊस आपल्याच भागातला, इथेनॉल आपल्याच कारखान्यांचं, आणि ते आपल्याच टाकीला नको. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, ठेवून दिलं की पाणी घेऊन तळाला वेगळं बसतं, आणि पेट्रोल घेणारा नळ तळालाच असतो. घरी केलेली फायबरची टाकी असेल, त्यातही साध्या पॉलिएस्टर रेझिनची, तर इथेनॉल ती मऊ करतं आणि तो चिकट लेप फिल्टरमध्ये जाऊन बसतो. म्हणून टाकीचं रेझिन कुठलं ते काकांच्या वहीत शोधा म्हटलं. पंपावरचं पेट्रोल घ्यायच्या आधी तपासायचं कसं, तर मापाच्या खुणा असलेली काचेची नळी घ्या, मोकळ्या हवेत, बिडी-काडी लांब. १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, बूच लावून हलवा, पाच-दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. ई२० असेल तर थर २८ च्या आसपास चढतो, कारण इथेनॉल पाण्यात उतरतं. १९ च्या आसपास आला तर १० टक्के. महागड्या पेट्रोलच्या नावावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक खेपेला नळी. दुसरा रस्ता म्हणजे विमानाचं पेट्रोल, ॲव्हगॅस १०० एलएल, इंडियन ऑईल २०२२ पासून वडोदऱ्याला बनवते. इंजिनाला चालतं, खरं त्यात शिसं असतं म्हणून ऑईल १०० च्या जागी ५० तासांनीच बदलायचं.

ह्याच टाकीला हवेची एक बारीक नळी असते, वेंट. ती फुंकून बघा. कुंभारीण माशी माहीत आहे ना, चिखलाची घरटी करणारी, तिला असली भोकं फार आवडतात. एका विमानाचं इंजिन जमिनीवरच्या चाचणीत दहाव्या मिनिटाला बंद पडायचं, परत सुरू व्हायचं, परत बंद. मालकानं पंप बदलला, प्लग बदलले, कार्ब्युरेटर दोनदा उघडला. मी गेलो तर टाकी आत ओढलेली, चेपल्या डब्यासारखी. वेंटमध्ये बोटभर चिखल. हवेतलं दहावं मिनिट असतं तर? हवेतला वेग मोजणाऱ्या पिटो नळीतही तीच बाई. लाल फडकं बांधून ठेवायचं, आणि उडायच्या आधी काढायचं विसरायचं नाही.

ब्रेकमध्ये तेल टाकायच्या आधी कुठलं आहे ते बघा. काही सेटमध्ये विमानाचं लाल हायड्रॉलिक ऑईल असतं, त्यात गाडीचं ब्रेक फ्लुईड टाकलं की सील फुगून जाम होतात.

हे सगळं झाल्यावर मग दोरानं बांधून, चाकाला ठोकळे लावून फुल थ्रॉटल चाचणी. आकडे काकांच्या वहीतल्या आकड्यांशी ताडा, खरं दिवस बघून. सांब्रा विमानतळच समुद्रसपाटीपासून २,४९० फुटांच्या आसपास आहे, आणि एप्रिलच्या दुपारी ३६ डिग्रीला तीच हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. जानेवारीच्या सकाळची ताकद तेव्हा मागू नका.

कागदाचं शेवटी सांगतो कारण आधी सांगितलं की लोक पुढं वाचत नाहीत. डीजीसीएचं (विमानांवर देखरेख करणारं सरकारी खातं) रजिस्ट्रेशन आणि उडायची परवानगी आहे का, तुमच्या नावावर झालीय का? शेतातनं दोन मिनिटं उडवून बघतो, असं करू नका, परवानगी नसेल तर तो गुन्हा आहे आणि वर सांब्र्याला हवाई दलाचं स्टेशन आहे. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवत असतील, त्यांचं विमान २०१६ ला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात सगळ्यांनी बघितलं, रजिस्ट्रेशन २०१७ ला आणि उडायची परवानगी २०१९ ला मिळाली. वेळ लागतो. तुमचा पाईप, कापड, प्रोपेलर व्हायला तसाही वेळ जाणारच आहे, तोवर अर्ज फिरू दे. पाईप बदलल्यावर वजन आणि तोल परत काढायला लागेल, त्याचा कागद करून ठेवा, आणि ह्या कामाचं लायसन असलेल्या माणसाची सही घ्या. माझी सही चालत नाही, मी रिटायर.

आज एवढंच करा. बॅटरीची वायर काढून ठेवा म्हणजे घरातलं कुणी पोरगं सेल्फ मारणार नाही. टाकीतलं पेट्रोल उपसा. प्रोपेलर आडवा करा. आणि त्या चिरेचा फोटो पाठवा, शेजारी पट्टी धरून, दोन बाजूंनी, आणि तिथल्या बोल्टचं डोकं दिसेल असा एक जवळनं.